आजीच्या गोष्टी आणि गव्हर्नरची कन्या

वाचकहो, चिऊ-काऊची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. पाऊस कोसळतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारी येऊन विनवण्या करतो आणि चिमणी आतून एकामागून एक सबबी सांगत राहते. ही गोष्ट आपण प्रथम पुस्तकात वाचली नाही. आजीच्या मांडीवर बसून ऐकली. परंतु याच जातीची एक गोष्ट १८६८ साली लंडनमध्ये इंग्रजीत छापली गेली आणि तिच्या शीर्षकातच चिमणीला स्वार्थी व कावळ्यांना बेघर म्हटले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या पुस्तकाचे नाव ‘ओल्ड डेक्कन डेज’, म्हणजे दख्खनचे जुने दिवस. गोष्टी लिहून घेणारी होती मुंबईच्या गव्हर्नरची तरुण कन्या मेरी फ्रिअर. सांगणारी होती तिची आया, ॲना लिबराता डिसोझा; आपल्यासारखीच एक ख्रिस्ती स्त्री. मेरी फ्रिअर यांचे चरित्र सांगू लागले म्हणजे ॲनाबाईंचे चरित्र त्यात आपोआप येते, आणि ते यावे हेच योग्य आहे.

मेरी एलायझा इझाबेला फ्रिअर हिचा जन्म ११ ऑगस्ट १८४५ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बिटन या गावी झाला. तिची आई मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांची कन्या, आणि वडील बार्टल फ्रिअर हे त्याच गव्हर्नरांचे चिटणीस होते. पुढे बार्टल फ्रिअर साताऱ्यास रेसिडेंट झाले, सिंध प्रांताचे कमिशनर झाले आणि १८६२ साली स्वतः मुंबईचे गव्हर्नर झाले. इंग्रज अधिकाऱ्यांची मुले त्या काळी आईबापांपासून दूर, विलायतेत वाढत. मेरीचेही शिक्षण इंग्लंडमध्ये विम्बल्डन येथे झाले. १८६३ साली, अठरा वर्षांची असताना, ती मुंबईस आली. तेव्हाचे गव्हर्नर हाऊस परळला होते. एके काळी ख्रिस्ती संन्याशांचा मठ असलेली ती वास्तू पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध झाली. मेरी तेथे राहू लागली तेव्हा बाहेर मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या आणि शहर झपाट्याने वाढत होते.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात सर बार्टल दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. हा मुलूख म्हणजे आजच्या सांगली, कोल्हापूर, बेळगाव, धारवाडकडचा प्रदेश. लेडी फ्रिअर त्या वेळी इंग्लंडला गेल्या होत्या. म्हणून वीस वर्षांची मेरी वडिलांबरोबर होती. छावणीचा लवाजमा मोठा. परंतु त्या साऱ्या पुरुषांच्या गर्दीत दुसरी इंग्रज स्त्री नव्हती. वडील दिवसभर कारभारात, संस्थानिकांच्या भेटीगाठींत मग्न. मेरी वाची, पत्रे लिही, चित्रे काढी आणि तरीही दिवस उरे. अशाच एका दिवशी तिने सोबतच्या आयेला गोष्ट सांगण्याची गळ घातली. ॲनाबाईंनी प्रथम ते शक्य नसल्याचे सांगितले. तेव्हा मेरीने त्यांना त्यांच्या नातवंडांची आठवण करून दिली. नातवंडे असलेल्या बाईला गोष्टी येत नाहीत हे कसे? मग ॲनाबाईंनी आठवून आठवून एक गोष्ट सांगितली. ती त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेली होती. त्या एका गोष्टीपासून पुढे चोवीस गोष्टींचे पुस्तक झाले.

ही आजी कोण होती, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ॲनाबाईंचे घराणे मूळचे लिंगायत. ते कालिकतकडून येऊन गोव्याजवळ स्थायिक झाले. तेथे त्यांच्या आजोबांनी पत्नी व मुलांसह ख्रिस्ताचा स्वीकार केला. हे कळताच आजोबांच्या वडिलांचा राग अनावर झाला आणि त्यांनी मुलाला, सुनेला व नातवंडांना घराबाहेर काढले. त्या काळी आसपास ख्रिस्ती माणसे फार थोडी होती. घर गेले, भाऊबंद गेले, जातीचा आधार गेला. आपल्या मंडळ्यांतील जुन्या घराण्यांत असे अनुभव पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात. त्यामुळे त्या कुटुंबावर काय गुजरले असेल ते आपणांस निराळे सांगावयास नको. पुढे घरच्या पुरुषांनी इंग्रजांच्या फौजेत चाकरी धरली. आजी मात्र खंबीर बाई. ती दीर्घायुषी झाली आणि नातवंडांना जवळ घेऊन गोष्टी सांगत राहिली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ख्रिस्तासाठी जिने घरदार सोडले, तीच ही आजी. तिने जुनी उपासना सोडली, परंतु जुन्या गोष्टी सोडल्या नाहीत. राजा, राणी, राक्षस, कोल्हा, सूर्य, चंद्र आणि वारा यांच्या त्या गोष्टी होत्या. त्यांत धूर्त लबाडाची फजिती होई, सावत्र आईचा जाच सोसलेल्या मुलीला शेवटी न्याय मिळे, लहानग्या कोल्ह्याची अक्कल सिंहाला भारी पडे. या गोष्टी ऐकून आपला विश्वास डळमळेल असे त्या बाईला वाटले नसावे. नातवंडे चांगली निघावीत, एवढाच तिचा हेतू होता. घर हिरावून घेता येते. पण लहानपणी ऐकलेल्या गोष्टी कोणाला हिरावून घेता येत नाहीत.

ॲनाबाईंचे स्वतःचे आयुष्यही कष्टाचे गेले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलाबाळांसाठी त्यांनी आयेची नोकरी पत्करली. साहेब लोकांच्या घरी राहून त्या इंग्रजी शिकल्या. मराठी, हिंदुस्तानी, पोर्तुगीज अशा अनेक भाषा त्यांच्या तोंडी होत्या. मात्र एवढ्या भाषा येऊनही गरीब बाईच्या नशिबी चूलच, अशी खंत त्यांच्या बोलण्यात येई. त्यांचा मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. हे दुःख त्यांनी मेरीजवळ बोलून दाखविले आणि मेरीने तेही लिहून घेतले. पुस्तकात गोष्टींच्या आधी ‘कथन करणारीचे कथन’ म्हणून ॲनाबाईंची ही जीवनकथा त्यांच्या नावासह छापलेली आहे. गव्हर्नरच्या मुलीने आपल्या आयेला पुस्तकात असे स्थान द्यावे, ही १८६८ सालातील फार विलक्षण गोष्ट होय.

मेरीची काम करण्याची पद्धत साधी, पण काटेकोर होती. ॲनाबाई सांगत, ती लिहून घेई. लिहून झाल्यावर ती गोष्ट त्यांना वाचून दाखवी आणि काही चुकले तर दुरुस्त करी. आम्हां भाषांतरकारांना ही पद्धत चांगलीच परिचयाची आहे. पवित्र शास्त्राचा एखादा अध्याय नव्या भाषेत उतरविला म्हणजे तो त्या भाषेच्या माणसांसमोर वाचला जातो. कोणी म्हातारी बाई मान हलवून एखादा शब्द नाकारते आणि टेबलावर बसून केलेले महिनाभराचे काम एका क्षणात बदलावे लागते. ज्याची भाषा आहे त्याच्या कानाला पटल्याशिवाय लेखन पुरे झाले असे मानावयाचे नाही, ही शिस्त मोठमोठ्या विद्वानांनाही जड जाते. वीस वर्षांच्या मुलीने ती आपण होऊन पाळली.

लिहिताना काय निसटते, याचीही तिला जाण होती. ॲनाबाईंचे डोळे, हातांच्या हालचाली, आवाजाचे चढउतार हे कागदावर येणार नाहीत, हे तिने प्रस्तावनेतच कबूल केले. मात्र जे ठेवता येण्यासारखे होते ते तिने ठेवले. नावे बदलून ती इंग्रजी केली नाहीत. शेवंतीबाई, सूर्याबाई, पंचफुला राणी, मच्छीलाल, चंदन राजा ही नावे रोमन लिपीच्या वेड्यावाकड्या वेषात का होईना, तशीच राहिली. राक्षसाला तिने राक्षसच म्हटले आणि राणीला राणीच. दूर देशीच्या वाचकासाठी गोष्ट पुन्हा सांगताना ती त्याच्या ओळखीची करावी, की त्याने चार पावले चालून गोष्टीकडे यावे, हा प्रश्न प्रत्येक भाषांतरकारापुढे असतो. मेरीने भाषा वाचकाची घेतली आणि माणसे मात्र गोष्टीतलीच ठेवली.

या गोष्टींची गोडी कळावी म्हणून एक थोडक्यात सांगतो. सूर्य, चंद्र आणि वारा आपल्या काका-काकूंकडे, म्हणजे मेघगर्जना आणि वीज यांच्याकडे, जेवावयास गेले. त्यांची आई, दूरची एक लहानशी चांदणी, घरी एकटीच वाट पाहत राहिली. सूर्य आणि वारा यांनी पोटभर खाल्ले. आईची आठवण दोघांनाही झाली नाही. चंद्राने मात्र प्रत्येक पदार्थातील थोडे थोडे आपल्या लांब नखांखाली जपून आणले. घरी आल्यावर आईने विचारले, तेव्हा दोघे रिकाम्या हातांनी उभे राहिले आणि चंद्राने तिचे ताट भरले. म्हणून सूर्याचा ताप लोकांना नकोसा होतो, उन्हाळ्यातील वाऱ्यापासून लोक तोंड लपवितात, आणि चंद्राचा प्रकाश मात्र सर्वांना शीतल वाटतो. आईबापांचा मान राखावा ही शिकवण यापेक्षा सोप्या रीतीने लहान मुलाला कशी देता येईल?

पहिलीच सांगितलेली गोष्ट ‘पंचकीन’ नावाच्या जादूगाराची होती. तो राजकन्येला पळवून नेतो आणि तिला सोडवावयास आलेल्यांचे दगड करतो. त्याला मारता येत नाही, कारण त्याचा प्राण त्याच्या शरीरात नसतो. दूर रानात ताडांच्या वर्तुळात पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकीवर एक रचलेल्या. त्यांच्या तळाशी एक पिंजरा. पिंजऱ्यात हिरवा पोपट. त्या पोपटात जादूगाराचा प्राण. राजकन्येचा मुलगा मोठा होऊन तो पोपट मिळवितो आणि आईला सोडवितो. पोपटात प्राण असलेला राक्षस आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण युरोपातील अभ्यासकांनी ही गोष्ट वाचली तेव्हा ते चकित झाले. नॉर्वेच्या लोककथेत असाच एक राक्षस आहे, ज्याचे काळीज त्याच्या देहात नाही. रशियाच्या कथांत कोश्चेई नावाच्या दुष्टाचा मृत्यू असाच दूर लपवून ठेवलेला आहे. ‘गोल्डन बाव’ या प्रचंड ग्रंथात सर जेम्स फ्रेझर यांनी देहाबाहेरच्या प्राणाची चर्चा करताना पंचकीनची गोष्ट घेतली. जोसेफ जेकब्स यांनी १८९२ साली मुलांसाठी भारतीय गोष्टींचा संग्रह काढला, त्यात पंचकीनही आहे आणि सूर्य-चंद्र-वाऱ्याची गोष्टही आहे. गोव्याजवळच्या एका बेघर झालेल्या आजीचा शब्द अशा रीतीने जगभर गेला.

पुस्तक लंडनच्या जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले. प्रस्तावना सर बार्टल यांनी लिहिली आणि चित्रे मेरीच्या बहिणीने, कॅथरीन हिने, काढली. भारतातील लोकांच्या तोंडून गोळा करून इंग्रजीत छापलेल्या लोककथांचा हा पहिला मोठा संग्रह मानला जातो. त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या आणि युरोपातील इतर भाषांतही तो गेला. एक गंमत पाहा. मुखपृष्ठावर या गोष्टींना हिंदू परीकथा म्हटले होते, परंतु त्या सांगणारी बाई ख्रिस्ती घराण्यातील तिसऱ्या पिढीची होती. गोष्टींना धर्माच्या भिंती आपण घालतो. गोष्टी मात्र उंबरठा ओलांडून जातात.

आणि असे एकदाच घडले नाही. बंगालचे पाळक व लेखक लाल बिहारी डे यांनी १८८३ साली बंगाली लोककथांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यांना पहिल्या दहा गोष्टी मिळाल्या त्या एका बंगाली ख्रिस्ती बाईकडून. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्या बाईचे नाव मात्र डे यांनी नोंदविले नाही. संथाळ लोकांत काम करणारे नॉर्वेचे मिशनरी बोडिंग यांनी पवित्र शास्त्र संथाळीत आणले आणि त्याच लोकांच्या कथाही मोठ्या निष्ठेने जमविल्या. जर्मनीत ग्रिम बंधूंनाही डोरोथिया फीमान या खाणावळवाल्याच्या मुलीने अनेक कथा दिल्या. ती फ्रान्सहून विश्वासासाठी परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांच्या वंशातली होती. घर सोडावे लागलेल्या माणसांनी गोष्टी जपून ठेवल्या, हा केवळ योगायोग म्हणावा काय?

या चरित्रातील एक उणीव झाकून ठेवणे बरे नव्हे. पुस्तकावर नाव मेरीचे आले आणि कीर्तीही तिचीच झाली. दोघींतील संबंध मालकीण आणि चाकर यांचा होता. राज्य इंग्रजांचे होते. आणि ॲनाबाईंचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते मेरीच्या लेखणीतूनच. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी हा हिशेब पुन्हा मांडला आहे. किरिन नारायण यांनी २००२ साली या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली आणि लीला प्रसाद यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ॲनाबाईंना एक स्वतंत्र बाण्याची कथाकार म्हणून उभे केले. ते योग्यच झाले. परंतु हेही खरे की, मेरीने ॲनाबाईंचे नाव, घराणे, दुःख आणि मते लिहून ठेवली नसती, तर हा हिशेब मांडावयास आज काही उरले नसते. त्या काळच्या किती तरी संग्राहकांनी सांगणाऱ्याचे नावदेखील लिहिले नाही.

सर बार्टल यांची मुंबईतील कारकीर्द १८६७ साली संपली आणि फ्रिअर कुटुंब मायदेशी परतले. पुढे सर बार्टल झांझिबारच्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध वाटाघाटी करावयास गेले. आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांची जी ‘फ्रिअरटाउन’ ही वसाहत उभी राहिली, तिच्यात नाशिकजवळच्या शरणपूर येथे वाढलेली आफ्रिकी ख्रिस्ती मंडळीही होती. १८७७ साली ते दक्षिण आफ्रिकेत केपचे गव्हर्नर झाले. झुलू युद्धामुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली, १८८० साली त्यांना परत बोलाविण्यात आले आणि १८८४ साली त्यांचे निधन झाले. इकडे ॲनाबाई १८८७ साली पुण्याजवळ गणेशखिंडीच्या गव्हर्नर हाऊसमध्ये वारल्या. ज्या वास्तूत त्यांनी देह ठेवला, तेथे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. रोज शेकडो विद्यार्थी तिच्यासमोरून जातात. या आवारात एके काळी एक थोर कथाकार आया म्हणून राबत होती, हे त्यांना कोणी सांगितले पाहिजे.

मिस फ्रिअर यांनी विवाह केला नाही. त्यांनी १८६९ साली एक नाटक प्रसिद्ध केले, परंतु त्यांचे नाव राहिले ते दख्खनच्या गोष्टींमुळेच. उत्तर आयुष्यात त्यांचे मन एका निराळ्या जुन्या भाषेकडे वळले. त्या हिब्रू शिकल्या आणि हिब्रू ग्रंथ व हस्तलिखिते जमवू लागल्या. २६ मार्च १९११ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा तो संग्रह केंब्रिजच्या गर्टन कॉलेजला मिळाला. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी १८६९ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात तो ‘मेरी फ्रिअर हिब्रू ग्रंथालय’ या नावाने ओळखला जातो.

काहींना हे दोन छंद परस्परांपासून दूरचे वाटतील: तरुणपणी आयेच्या तोंडच्या राजा-राणीच्या गोष्टी आणि म्हातारपणी जुन्या कराराची मूळ भाषा. मला तसे वाटत नाही. शास्ते ग्रंथाच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना गोष्ट सांगतो, ती आपला राजा निवडावयास निघालेल्या झाडांची आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप दाखवितो, ते उपदेशाने नव्हे. गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून. आपल्या प्रभूने तर पेरणारा, हरवलेले नाणे आणि घर सोडून गेलेला मुलगा यांच्या गोष्टींतूनच देवाच्या राज्याची शिकवण दिली. हा सारा ठेवा लिहिला जाण्यापूर्वी पुष्कळ काळ माणसांच्या तोंडी होता. आयेसमोर बसून तिचा शब्द न् शब्द ऐकावयास शिकलेल्या बाईला हिब्रू शास्त्राकडे जाणारी वाट सापडली, यात नवल ते काय?

ॲनाबाईंनी मेरीजवळ एक तक्रार केली होती. आपल्या लहानपणी म्हातारी माणसे आवडीने गोष्टी सांगत. आताच्या म्हाताऱ्यांना मात्र पैसा जोडण्याखेरीज कशाची आवड उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही तक्रार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. आपल्या समाजात तिला आणखी एक कारण जोडले गेले. विश्वासात आल्यावर जुन्या घरचे सारेच टाकून द्यावे, अशा समजुतीने आपण कित्येकदा मूर्तींबरोबर गोष्टीही टाकल्या. जात्यावर गाणाऱ्या आज्या गप्प झाल्या. नातवंडांना परदेशी चित्रांच्या पुस्तकांतील लांडगा ठाऊक झाला आणि आपल्या रानातला कोल्हा परका झाला. ज्या आजीने ख्रिस्तासाठी घर सोडले तिला गोष्टी सोडाव्या लागल्या नाहीत, तर आपण त्या का सोडाव्यात?

म्हणून, वाचकहो, आपल्या घरात, मंडळीत किंवा शेजारी एखादी वृद्ध बाई असेल तर एके संध्याकाळी तिच्याजवळ बसा. ती प्रथम आपल्याला काही येत नाही असेच म्हणेल; ॲनाबाईंनीही तसेच म्हटले होते. तिला नातवंडांची आठवण द्या. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तिला वाचून दाखवा, चुकले असेल तेथे सुधारा. आणि लिहिलेल्या पानाच्या माथ्यावर आपल्या नावाआधी तिचे नाव लिहा.